सुट्या हाडांचा प्लॅस्टिक संच: इनामगावची दफनं समजून घ्यायला कितपत पुरतो?

मुंबईत परळला केईएमच्या आसपास, भायखळ्याला जेजेच्या बाजूला किंवा प्रिन्सेस स्ट्रीटवर प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत ‘बोनसेट’ मागितला की पुठ्ठ्याचा एक लांबट खोका पुढ्यात येतो. आत साधारण १७० सेंटिमीटर उंचीच्या, पूर्ण वाढ झालेल्या माणसाची पीव्हीसीची सुटी हाडं असतात. हा माल बनतो वैद्यकीच्या पहिल्या वर्षासाठी. पुरातत्त्व शिकणाऱ्यांनाही शेवटी तोच घ्यावा लागतो, कारण जमिनीतून निघणाऱ्या मानवी अवशेषांच्या अभ्यासासाठी वेगळा संच सहसा कुणी ठेवत नाही.

म्हणून इथे या संचाला एकच प्रश्न विचारला आहे. घोड नदीच्या काठी वसलेल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीतली दफनं समजून घ्यायला तो किती कामाचा? उत्तर आधीच सांगून टाकतो: प्रौढांच्या दफनासाठी चांगला, लहान मुलांच्या दफनासाठी जवळजवळ निरुपयोगी. आणि इनामगावला लहान मुलंच जास्त आहेत.

संच दोन प्रकारांत येतो. अर्ध्या संचात कवटी, पाठीचा कणा आणि एकाच बाजूचे हातपाय असतात. वैद्यकीची मुलं बहुतेक हाच घेतात, आणि दुकानदारही आधी हाच काढतो. पुरातत्त्वासाठी तो घेऊ नका. खड्ड्यात निघालेलं हाड डावं की उजवं, हा पहिला प्रश्न असतो, आणि एकाच बाजूची हाडं हाताळून ती नजर तयार होत नाही. उभा टांगलेला, तारेनं जोडलेला सांगाडाही नको. त्यात सांध्यांचे पृष्ठभाग झाकलेले असतात आणि जघनास्थीत (ओटीपोटाखालच्या हाडात), टाचेत, मणक्यांत स्क्रूची भोकं पाडलेली असतात.

पैसे मोजण्याआधी खोका दुकानातच उघडायला लावा. डब्यावरचा २०६ हा आकडा बाजूला ठेवा. कवटीची बावीस हाडं माथा, बूड आणि जबडा अशा तीन तुकड्यांत ओतलेली असतात, आणि कानातली सहा इवलाली हाडं सहसा नसतातच. मोजायचं ते असं: मानेचे ७, छातीचे १२ आणि कमरेचे ५ मणके, मग त्रिकास्थी (कमरेखालचं त्रिकोणी हाड) आणि माकडहाड. बरगड्यांच्या बारा जोड्या. प्रत्येक हातात २७ हाडं, प्रत्येक पावलात २६. दोन गुडघ्याच्या वाट्या. गळ्यातलं कंठिकास्थी बऱ्याच खोक्यांत गायब असतं. नसेल तर अडत नाही, पण माहीत असावं.

खरी फसगत बरगड्यांत होते. स्वस्त संचांत दोन-तीनच साच्यांतून सगळ्या बरगड्या ओतलेल्या असतात. टेबलावर एका बाजूच्या बारा बरगड्या ओळीनं मांडा. पहिली आखूड, रुंद आणि चपटी हवी, सातवी-आठवीपर्यंत लांबी वाढत जायला हवी आणि नंतर कमी व्हायला हवी. अकरावी-बारावी टोकाकडे निमुळती असते. चौथी, पाचवी आणि सहावी एकमेकींवर तंतोतंत बसत असतील तर तो संच परत करा. पावलांचंही तसंच: दोन्ही खोटांची हाडं डावीच निघण्याचे प्रकार होतात. टेलसची, म्हणजे टाचेच्या वरच्या घोट्यातल्या हाडाची, वरची बाजू कप्पीसारखी असते. ती नडगीच्या खालच्या खाचेत अलगद बसली पाहिजे आणि आतल्या घोट्याचा उंचवटा पायाच्या आतल्या अंगालाच आला पाहिजे. हे दोन्ही पायांवर करून पाहा. मानेचा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीवर फिरतो का, मांडीच्या हाडाचा गोळा कटिबंधाच्या (कमरेखालच्या हाडांच्या कड्याच्या) वाटीत बसतो का, एवढंही पाहिलं की बहुतेक दोष तिथल्या तिथे उघडे पडतात. बऱ्याच संचांत एक हात आणि एक पाऊल तारेत ओवलेलं येतं. दोन्ही पावलं सुटी मिळतील का ते विचारा. इनामगावसाठी पावलं फार महत्त्वाची आहेत.

इनामगाव शिरूर तालुक्यात, पुण्याच्या पूर्वेला आहे. डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली मुख्य नावं. माळवा, पूर्व (आधीचा) जोर्वे आणि उत्तर (नंतरचा) जोर्वे अशा तीन कालखंडांत, इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० पर्यंत, ही वस्ती नांदली. शंभराहून जास्त घरं उघडी झाली. मेलेल्यांना बऱ्याचदा घरातच, जमिनीखाली पुरलं जाई. मुलांसाठी दोन मातीचे कुंभ तोंडाला तोंड लावून खड्ड्यात आडवे ठेवत. प्रौढ माणूस उताणा, सरळ, डोकं उत्तरेला. आणि घोट्यापासून खालचे पाय तोडलेले. मेलेला माणूस उठून निघून जाऊ नये म्हणून असं करत असावेत, असं संशोधकांचं अनुमान आहे. तिथल्या मानवी अवशेषांचा सविस्तर अभ्यास जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी केला.

आता संच चादरीवर मांडा. चादर दोन मीटर लांब हवी. दोन्ही पावलं काढून बाजूला ठेवा. २६ दुणे ५२ हाडं गेली. शरीरातल्या एकूण हाडांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा त्या दोन पावलांत असतो, हे पुस्तकात वाचून कळतं तेवढं अंगात मुरत नाही. समोर ढीग आणि रिकामी जागा एकदम दिसली की मुरतं. या संचाचा हा सगळ्यात मोठा उपयोग. पावलं ‘नाहीत’ हे उत्खननात सिद्ध कसं करायचं, ते इथे सरावता येतं. बावन्न हाडांपैकी एखाददुसरं नसेल तर उंदीर, घूस, नांगर, पाण्याचा ओघळ, काहीही कारण असू शकतं. बावन्नच्या बावन्न नसतील, खड्ड्याची कड मात्र शाबूत असेल आणि बोटांचं एखादं पेरही चाळणीत येत नसेल, तेव्हा पाय पुरण्याआधीच तोडले असं म्हणता येतं. म्हणून नडग्यांच्या खालच्या टोकांभोवतीची माती वेगळ्या पिशवीत भरून २ मिलिमीटरच्या जाळीतून चाळायची. दोन्ही हातांची आणि दोन्ही पायांची हाडं चार वेगवेगळ्या पिशव्यांत, डावं-उजवं लिहून. बोटांची पेरं एकदा मिसळली की डावी-उजवी करणं जाणकारालाही जड जातं. संचातली छप्पन्न पेरं एका ताटात ओतून हे करून पाहिलं की लेबलाचा आळस कायमचा जातो.

इनामगावला एक वेगळं दफनही निघालं. वस्तीच्या मधोमध पाच खोल्यांचं मोठं घर, त्यात धान्यकोठार, आणि अंगणात चार पायांचा मोठा मातीचा रांजण. त्यात मांडी घालून बसवलेला पुरुष, पाय शाबूत. बसवलेला देह कुजला की हाडं कशी कोसळतात हे या संचानं बऱ्यापैकी दाखवता येतं. कटिबंध तळाशी राहतो, मणके आणि बरगड्या त्यावर ढासळतात, कवटी पुढे किंवा कुशीला घरंगळते, गुडघे बाहेरच्या अंगाला जातात. रांजणाच्या मापाचं पिंप घेऊन हाडं वरून एकेक थर उचलायचा सराव करा. प्रत्येक थराचा फोटो आणि आराखडा काढल्याशिवाय पुढचं हाड उचलायचं नाही.

पण संच काय शिकवू शकत नाही, ती यादी मोठी आहे.

काळी माती भिजली की फुगते, सुकली की तडकते. तीन हजार वर्षं हे चाललं की हाड चेपतं, चिरतं, त्याच्या चिपा होतात. खड्ड्यात अखंड कटिबंध मिळणं भाग्याचं. जघनास्थी पातळ, म्हणून आधी तीच जाते. लिंग ठरवायला सगळ्यात भरवशाची जागाही तीच. मागे उरते ती नितंबाच्या हाडातली मोठी खाच. ती पुरुषात अरुंद आणि स्त्रीत रुंद असते. संचात ही खाच नीट ओतलेली असते, तेव्हा तिच्यावर लक्ष द्या. मात्र बहुतेक संच पुरुषाचेच. प्रसूतिशास्त्रासाठी स्त्रीचा कटिबंध वेगळा विकतात, तो घ्यायलाच हवा. दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय अरुंद-रुंद या शब्दांना अर्थ येत नाही. वय ठरवण्यासाठी मात्र दोन्ही कुचकामी. जघनास्थीचा समोरासमोरचा पृष्ठभाग आणि त्रिकास्थीशी जुळणारा कानासारखा पृष्ठभाग वयाप्रमाणे बदलत जातो. साच्यात ते गुळगुळीत होऊन जातात.

कवटीवरच्या शिवणी म्हणजे उथळ कोरलेल्या रेघा. त्यावर आणखी घोळ म्हणजे माथा उघडण्यासाठी कपाळावरून आडवा काप दिलेला असतो आणि नवखा माणूस त्यालाच शिवण समजतो. त्या कापावर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा.

दात एकसंध पट्टीसारखे, पांढरेशुभ्र, न झिजलेले. दगडी पाट्यावर वाटलेलं खाणाऱ्या समाजाच्या तोंडात असे दात नसतात. दगडाची कच पिठात उतरते आणि दाढांचे उंचवटे तरुणपणीच सपाट होतात. झीज, कीड, इनॅमलवरच्या खाचा यांसाठी हा संच शून्य. ओळखीच्या दंतवैद्याकडे साच्याच्या प्लास्टरचे नमुने पडून असतात, त्यातून जास्त शिकता येतं.

आता लहान मुलं. ताज्या जन्मलेल्या बाळाचं शरीर म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे. त्याची हाडं जोडलेलीच नसतात. कपाळाचं हाड दोन भागांत, जबडा दोन भागांत, डोक्यामागचं हाड चार भागांत. प्रत्येक मणक्याचे तीन तुकडे. कटिबंधाची प्रत्येक बाजू तीन तुकड्यांची. मांडीच्या हाडाला गोळाही नसतो आणि गुडघ्याकडचं टोकही सुटं, म्हणजे हातात येते ती फक्त मधली दांडी. पूर्ण दिवसांच्या बाळात ही दांडी साधारण ७४ मिलिमीटर भरते, आपल्या करंगळीपेक्षा थोडी लांब. कुंभातल्या ओल्या मातीत ती गवताच्या मुळासारखी किंवा शेळीच्या बरगडीच्या तुकड्यासारखी दिसते. नदीकाठच्या वस्तीत जनावरांची हाडं ढिगांनी असतात. ही गल्लत तिथे रोजची.

मुलांचं वय मोठ्यांपेक्षा कितीतरी नेमकं ठरवता येतं, कारण दात ठरलेल्या क्रमानं तयार होतात. पटाशीचे दुधाचे दात सहा-आठ महिन्यांत, सगळे वीस अडीच-तीन वर्षांपर्यंत, पहिली कायमची दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास. पण कुंभात सापडतात ते हिरडीतून वर न आलेल्या दातांचे मुकुट: पोकळ, टोपीसारखे, काही मिलिमीटरचे. ५ मिलिमीटरच्या जाळीतून ते सरळ खाली जातात. कुंभातली माती म्हणूनच जागेवर उकरून काढायची नाही. कुंभाला बाहेरून पट्टीनं बांधून तो आख्खा उचलायचा, प्रयोगशाळेत बसून एकेक सेंटिमीटर उतरायचं आणि सगळी माती पाण्याखाली बारीक जाळीतून धुवायची. इनामगाव, नेवासा आणि दायमाबाद या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांतल्या मुलांच्या हाडांवरून तेव्हाचं पोषण आणि आजारपण यांचा अभ्यास झाला, तो असे तुकडे जपले गेले म्हणूनच.

दुकानदार म्हणेल, गर्भाच्या कवटीचा नमुना आहे ना. तो घेऊ नका. तो प्रसूतीच्या अभ्यासासाठी असतो, टाळूची जागा दाखवायला. सगळी हाडं एकत्र चिकटलेली. कुंभात नेमकं उलट असतं.

ही उणीव भरून काढायचा स्वस्त आणि पक्का मार्ग मटणाच्या दुकानात आहे. मुंबईत कापला जाणारा बोकड बहुधा कोवळा असतो, त्यामुळे त्याच्या पायाच्या हाडांची टोकं अजून जुळलेली नसतात. शिजवली की टोपीसारखी निघून येतात. दांडीच्या टोकावर खडबडीत, लाटालाटांचा पृष्ठभाग दिसतो. मुलाच्या हाडाचं टोक असंच असतं आणि मोडलेल्या हाडाचं असं कधीच नसतं. हा फरक बोटांना कळला की निम्मं काम झालं.

खाटकाला सांगायचं: चार पाये अख्खे, न तोडता आणि न भाजता. पाये सहसा केस जाळून विकतात. जळलेलं हाड काळवंडतं आणि तडकतं, ते नको. सोबत एका रानाचं (मागच्या तंगडीचं) मांडीचं हाड. मांस काढताना सुरी हाडाला लागू देऊ नका, नाहीतर पुढे कापल्याच्या खुणा शिकताना स्वतःच्याच खुणा मोजत बसाल. मोठ्या पातेल्यात, पाणी उकळू न देता, मंद आचेवर तीन-चार तास. कुकर अजिबात नको, हाड भुसभुशीत होतं. पाणी ओतताना गाळणी धरा, सुटलेली टोकं मोरीत जातात. मग भांडी घासायच्या साबणाच्या पाण्यात आठवडाभर, पाणी रोज बदलून, म्हणजे चरबी निघते. ब्लीच वापरू नका. पृष्ठभाग खडूसारखा सुटतो. सावलीत वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली, जाळीवर.

यातली दोन हाडं, एक शिजवण्याआधीच, राखून ठेवा, कापल्या-मोडल्याच्या खुणा शिकायला. एक ताजं, न शिजवलेलं हाड हातोडीनं मोडा: भेग तिरकी वळत जाते, कड गुळगुळीत येते. दुसरं काही महिने पूर्ण वाळवून मोडा: आडवा, पायऱ्यापायऱ्यांचा, खरबरीत तुकडा. जमिनीतून काढलेल्या हाडावर तिसरी खूण रंगाची. जुन्या कडेचा रंग बाकी हाडासारखाच मातकट, कुदळीनं आज मोडलेली कड फिकी. सुरीची चीर अरुंद, इंग्रजी ‘व्ही’सारखी, उंदराच्या दातांच्या खुणा जोडीनं, समांतर, मुळांच्या खुणा नागमोडी आणि उथळ. इनामगावच्या नडग्यांच्या टोकांकडे पाहायचं तर ही तुलना आधी हाताशी हवी. पीव्हीसीवर यातलं काहीच करता येत नाही, ते नुसतं वाकतं.

आणखी एक मर्यादा दोन संच एकत्र केल्यावर लक्षात येते. मिसळलेल्या ढिगात कमीत कमी माणसं किती, हे मोजायचा सराव चांगला होतो: सगळ्यात जास्त वेळा आलेलं एकाच बाजूचं हाड धरायचं. पण दोन्ही संच एकाच साच्याचे असले तर कुठली डावी मांडी कुठल्या उजवीची जोडीदार, हे ठरवताच येत नाही. अभ्यासगटानं दोन संच घ्यायचे तर दोन वेगळ्या उत्पादकांचे घ्यावेत.

मोजमापाला नागदेवीच्या हत्यारांच्या बाजारातून १५० मिलिमीटरचा व्हर्नियर कॅलिपर आणा. लांब हाडांसाठी सुताराकडून फळी करून घ्या: १८ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लाय, ६० सेंटिमीटर लांब आणि २० रुंद, एका टोकाला काटकोनात उभी पट्टी, कडेला ६० सेंटिमीटरची स्टीलची पट्टी आणि एक सरकता ठोकळा. साधा प्लाय मुंबईच्या दमट हवेत वाकतो आणि माप चुकतं.

दमट हवेचा त्रास संचालाही होतो. जबड्याची स्प्रिंग आणि कवटीचे हूक पहिल्याच पावसाळ्यात गंजतात, गंज प्लॅस्टिकवर उतरतो. ते काढून जाड इलॅस्टिक लावा. पुठ्ठ्याच्या खोक्याला बुरशी येते, तेव्हा झाकणाचा प्लॅस्टिक डबा बरा. माळ्यावर पत्र्याखाली ठेवला तर उन्हाळ्यात बरगड्या वाकतात. नंबर मार्करनं हाडावरच टाकू नका, शाई पीव्हीसीत पसरते. दोऱ्यानं चिठ्ठी बांधा. ती शाई काढायला अ‍ॅसिटोन किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावाल तर पृष्ठभागच मऊ पडून खराब होईल. उत्खननात हाड टणक करायला पॅरालॉइड बी-७२ (पारदर्शक अ‍ॅक्रिलिक राळ) अ‍ॅसिटोनमध्ये तीन ते पाच टक्के विरघळवून लावतात, पण तोही पूर्ण सुकलेल्या हाडालाच. ओलं असेल तर वर पांढरी साय धरते. कार्बन कालमापनाचा आणि डीएनएचा नमुना ते लावण्याआधीच काढून ठेवायचा.

खऱ्या हाडांचे जुने संच अजूनही हातोहात फिरतात. कितीही स्वस्त मिळोत, घेऊ नका. ती कुणाची, कुठून आली, कुणाच्या संमतीनं, याचा कागद नसतो. १९८५ साली भारतानं मानवी सांगाड्यांच्या निर्यातीवर बंदी घातली, ती याच धंद्यातल्या गैरप्रकारांपायी. पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर उघडं पडलेलं हाडही उचलायचं नाही. जागेची नोंद आणि फोटो घेऊन पुरातत्त्व खात्याला कळवायचं. हाड जागेवरून हललं की दिशा, खोली, कुंभाशी नातं, सगळं जातं.

पैसे मोजकेच असतील तर आधी पूर्ण सुटा संच, मग स्त्रीचा कटिबंध, मग कॅलिपर. बोकडाची हाडं पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

उत्पादकांकडे एक मागणी आहे. जन्मलेल्या बाळाचा खऱ्या मापाचा, खरोखर सुटा संच कुणीतरी ओतावा: जबडा दोन अर्धुकांत, मणके तीन-तीन तुकड्यांत, टोकांविना दांड्या, दातांचे मुकुट वेगळ्या डबीत. चपलेच्या खोक्यात मावेल एवढाच होईल तो.